जुन्या गाड्यांचे ब्रेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाडीची चर्चा इंजिनापासून सुरू होते आणि रंग-क्रोमवर रेंगाळते. ब्रेकची आठवण होते ती गाडी घरी आणताना, पहिल्या मोठ्या उतारावर. इथे आधी गाजलेल्या ब्रेकांबद्दलचे प्रश्न घेतले आहेत, आणि नंतर स्वतःची जुनी गाडी चालवणाऱ्यांचे.

जुन्या गाड्यांचे ब्रेक खरंच इतके वाईट होते का?

सरसकट नाही. नीट जुळवलेले १९३०च्या दशकातले ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून ‘शू’ नावाच्या वक्र पट्ट्या दाबणारे, ताशी ६० किलोमीटरवरून गाडी एकदा व्यवस्थित थांबवतात. तिथे कमी पडतात ते बहुतेक वेळा अरुंद टायर. फरक कळतो तो लागोपाठ चौथ्या-पाचव्या वेळी ब्रेक दाबल्यावर.

ब्रेक वेगाची उष्णता करतो, एवढंच त्याचं काम. ही उष्णता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ताशी १०० वरून थांबताना ५० च्या चौपट. म्हणून कुठलाही जुना ब्रेक समोर आला की मी दोनच गोष्टी पाहतो. उष्णता जाते कुठे, आणि ज्या चाकाला जितका ब्रेक हवा तितकाच लागतो का? पेडलापासून चाकापर्यंत दांडे आहेत, केबल आहेत की तेल, हे त्यानंतर.

सुरुवातीला ब्रेक फक्त मागच्या चाकांनाच का असत?

पुढची चाकं वळतात, म्हणून. वळणाऱ्या चाकापर्यंत दांडा न्यायचा आणि स्टिअरिंग फिरवताच ब्रेक आपोआप लागता कामा नये किंवा सुटताही कामा नये, हे जमवणं कठीण होतं. शिवाय पुढचं चाक अडवलं तर गाडी उलटेल किंवा घसरेल अशी भीती होतीच. उलट ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात आणि चटकन लॉक होतात, म्हणजे फिरायची थांबून घसरतात. म्हणजे ब्रेकची सगळ्यात जास्त गरज जिथे, तिथेच तो नव्हता.

यातून वाट काढणाऱ्यांमध्ये आँरी पेरो हे नाव मोठं. स्कॉटलंडच्या आर्गाइल कंपनीने १९११च्या सुमारास त्यांच्या पद्धतीचे चारी चाकांचे ब्रेक दिले. इटलीची इसोटा फ्रास्किनी त्याच काळात त्याच दिशेने निघाली होती. पेरोंच्या पद्धतीत ब्रेकचा फिरता दांडा किंगपिनच्या (ज्या खिळीभोवती पुढचं चाक वळतं तिच्या) रेषेत सांध्याने जोडलेला असे, त्यामुळे चाक कितीही वळलं तरी ब्रेकचा ताण बदलत नसे.

तरी लोकांचा विश्वास बसायला १९२०चं दशक उजाडलं. अमेरिकेत रिकनबॅकर कंपनीने १९२३ मध्ये मध्यम किमतीच्या गाडीला असे ब्रेक दिले, तर प्रतिस्पर्ध्यांनी ते धोकादायक असल्याचा प्रचार केला. युरोपात चारी चाकांना ब्रेक असलेल्या गाड्यांच्या पाठीमागे लाल त्रिकोणाची पाटी असे: ही गाडी तुमच्या अपेक्षेपेक्षा लवकर थांबेल, अंतर ठेवा. मला ती पाटी फार आवडते. आज जुनी गाडी चालवणाऱ्याला नेमकी उलट पाटी लावावी लागेल.

फोर्ड मॉडेल टीला तीन पेडल होते, मग ब्रेक नेमका कुठला?

उजवीकडचा. डाव्या पेडलाने लो आणि हाय गिअर, मधल्याने रिव्हर्स, उजव्याने ब्रेक. पण हा पायाचा ब्रेक चाकांना लागतच नसे. तो ट्रान्समिशनमधल्या एका ड्रमभोवती पट्टा आवळायचा, तोही इंजिनाच्या तेलात भिजलेला. मागच्या चाकांवरचे छोटे शू होते ते हाताच्या लिव्हरला जोडलेले.

याचा धोका नीट समजून घ्या. पायाचा ब्रेक लागायचा तो प्रोपेलर शाफ्ट आणि मागच्या अॅक्सलमधून. अॅक्सलमधले मूळ बॅबिट या मऊ धातूचे थ्रस्ट वॉशर (बाजूचा रेटा झेलणाऱ्या चकत्या) झिजून फुटले की क्राउन व्हील हे मोठं दातेरी चाक पिनियन या छोट्या दातेरी चाकापासून सरकतं. मग एकाच क्षणी इंजिनाचा जोर जातो आणि पायाचा ब्रेकही जातो. हाताशी उरतात ते मागचे नावापुरते शू. मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी बनली, दीड कोटींच्या वर, त्यामुळे आजही रस्त्यावर येणाऱ्या कमी नाहीत. अशी गाडी घेतली तर अॅक्सल उघडून ते वॉशर काशाचे बसवल्याशिवाय उतारावर जाऊ नका. मागच्या चाकांवर बाहेरून आवळणारे जादा ब्रेक बसवण्याची पद्धत जुनीच आहे, आणि इथे मूळपणाचा आग्रह धरण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

हँडब्रेक पुढच्या चाकांना आणि पायाचा ब्रेक मागच्या चाकांना, असं कुठल्या गाडीत होतं?

ऑस्टिन सेव्हनमध्ये. १९२२ साली आलेल्या या छोट्या गाडीला पहिल्यापासून चारी चाकांना ब्रेक होते, पण पेडलाला मागची दोन आणि हँडब्रेकला पुढची दोन. पूर्ण ब्रेक लावायचा तर हात आणि पाय दोन्ही कामाला. १९३० मध्ये दोन्ही जोड्या पेडलाला जोडल्या गेल्या. गाडी हलकी, वेग बेताचा, म्हणून हे चालून गेलं.

केबलचे आणि दांड्यांचे ब्रेक भरवशाचे असू शकतात का?

असू शकतात, जुळवण्याचा कंटाळा नसेल तर. बुगाटीने टाइप ३५ वर केबलचेच ब्रेक वापरून शर्यती जिंकल्या. १९२४च्या त्या गाडीची चाकं ॲल्युमिनियमची ओतीव होती आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला. चाकाच्या चपट्या आऱ्यांमधून वारा खेळायचा, ड्रमची उष्णता ॲल्युमिनियममधून पसरायची आणि शर्यतीत चाक काढलं की ब्रेकचे शू समोर उघडे. चाक बदलताना लायनिंग, म्हणजे शूवरचं घासणारं अस्तर, किती उरलंय तेही दिसायचं. उष्णता कुठे जाणार याचा इतका नेटका विचार त्या काळात फार थोड्यांनी केला. एत्तोरे बुगाटींनी तेलाचे ब्रेक मात्र बरेच उशिरा स्वीकारले. टाइप ५७ ला ते १९३८ मध्ये मिळाले.

केबलची खरी अडचण समतोलाची. चार केबल, चारींचा ताण वेगळा, चारी वेगवेगळ्या गतीने ताणल्या जाणार. एक ढिली, एक घट्ट, की गाडी एका बाजूला ओढणार. त्यात सस्पेन्शन वरखाली झालं की ताण बदलतो. फोक्सवॅगन बीटलच्या एक्स्पोर्ट मॉडेलला १९५० मध्ये तेलाचे ब्रेक आले, पण साधं मॉडेल १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत केबलवर चाललं.

तेलाचे ब्रेक पहिल्यांदा कुठल्या गाडीला आले?

विक्रीच्या मोटारीला चारी चाकांचे तेलाचे ब्रेक पहिल्यांदा मिळाले ते ड्यूसेनबर्ग मॉडेल ए ला, १९२१ मध्ये. कल्पना माल्कम लॉकहीड यांची. ते विमानं बनवणाऱ्या अॅलन लॉकहीड यांचे भाऊ. बंद नळीतल्या तेलावर एका टोकाला दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो, त्यामुळे केबलचा समतोलाचा झगडाच संपतो. त्याच वर्षी जिमी मर्फीने ल मॉंला झालेली फ्रेंच ग्रां प्री ड्यूसेनबर्गमधून जिंकली आणि तेलाच्या ब्रेकला याहून चांगली जाहिरात मिळणं शक्य नव्हतं.

ड्यूसेनबर्ग श्रीमंतांची गाडी. सामान्य ग्राहकापर्यंत हे ब्रेक नेले क्रायस्लरने, १९२४च्या आपल्या पहिल्या गाडीबरोबर. लॉकहीडच्या मूळ रचनेत तेल गळायचं, क्रायस्लरच्या अभियंत्यांनी रबरी सील आणून ती गळती आटोक्यात आणली. त्या गाडीचे ब्रेक पट्ट्याचे होते आणि ड्रमवर बाहेरून आवळायचे. पाऊस आणि चिखल सरळ पट्ट्यावर, म्हणून आतून फुगणारे शू लवकरच सगळीकडे आले.

मग फोर्डने १९३९ पर्यंत वाट का पाहिली?

हेन्री फोर्ड यांचा तेलावर विश्वास नव्हता. पेडलापासून चाकापर्यंत पोलाद, असं कंपनी अभिमानाने जाहिरातीत सांगायची. प्लिमथला पहिल्या दिवसापासून, म्हणजे १९२८ पासून तेलाचे ब्रेक होते आणि शेवरोलेने १९३६ मध्ये ते घेतले, तरी फोर्ड दांडे आणि केबल सोडेना.

याला हेकटपणा म्हणून हसणं सोपं आहे. पण तेव्हा सगळे तेलाचे ब्रेक एकाच नळीच्या जाळ्यावर चालत. एक नळी फुटली, एक सील गेलं की चारी चाकं एकदम गेली. दांड्यांच्या ब्रेकमध्ये एक तुटला तरी बाकीचे थोडेफार धरतात. फोर्ड यांची शंका चुकीची नव्हती. तिचं उत्तर, म्हणजे दोन वेगळी जाळी, यायला आणखी दोन दशकांहून अधिक काळ लागला.

रोल्स-रॉइसचा गिअरबॉक्सवरचा सर्व्हो काय प्रकार होता?

सर्व्हो म्हणजे पायाचा जोर वाढवून ब्रेकला देणारी यंत्रणा. हा मूळ हिस्पानो-सुइझा कंपनीचा. मार्क बिर्किख्त यांनी १९१९च्या एच ६ मध्ये तो आणला आणि रोल्स-रॉइसने परवाना घेऊन आपल्या गाड्यांत बसवला. गिअरबॉक्सला जोडलेली घर्षणाची एक तबकडी गाडीच्या वेगाने सतत फिरत असते. चालकाने पेडल दाबला की त्या तबकडीवर दुसरी दाबली जाते, फिरती तबकडी तिला ओढते आणि ती ओढ ब्रेकच्या दांड्यांना मिळते. म्हणजे गाडी थांबवायला जोर लागतो तो गाडीच पुरवते. इंजिन बंद पडलं तरी चाकं फिरताहेत तोवर सर्व्हो जिवंत, आणि गाडी रिव्हर्समध्ये असली तरी तो काम करतो. इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या सर्व्होला हे जमत नाही.

खोट एकच. अगदी संथ वेगात, पार्किंग करताना, तबकडी जेमतेम फिरत असते. त्यामुळे पेडल दाबल्यावर किंचित थांबून मग ब्रेक लागतो. सवय नसलेला चालक त्या क्षणात घाबरून जास्त जोर देतो आणि गाडी धक्क्याने थांबते. रोल्स-रॉइसने हा सर्व्हो १९६५च्या सिल्व्हर शॅडोपर्यंत चालवला. शॅडोला मात्र चारी चाकांना डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी तबकडी दोन बाजूंनी पॅडने दाबणारे) आणि सित्रोएनच्या परवान्यावरचं उच्च दाबाचं तेल आलं.

ड्रम ब्रेकला पाय हलका लागतो आणि जुन्या डिस्कला जड, असं का?

ड्रम स्वतः मदत करतो. ड्रमच्या फिरण्याच्या दिशेने ढकलला जाणारा लीडिंग शू घर्षणाने आणखी आत ओढला जातो आणि जास्त घट्ट बसतो. उलट दिशेचा ट्रेलिंग शू मात्र बाहेर फेकला जातो. दोन्ही शू लीडिंग केले की पुढे जाताना जोर वाढतो, पण रिव्हर्समध्ये दोन्ही ट्रेलिंग होतात. चढावर गाडी मागे घरंगळायला लागली की याची किंमत कळते. म्हणून मागच्या चाकांना सहसा एक लीडिंग, एक ट्रेलिंग ठेवत.

ब्रेक बनवणाऱ्या बेंडिक्स कंपनीने आणखी पुढे जाऊन पहिल्या शूने दुसऱ्याला ढकलायचं अशी रचना केली. पाय ठेवताच गाडी थांबते, अवजड अमेरिकन गाड्यांना हेच हवं होतं. पण जिथे घर्षणाचा परिणाम कित्येक पट होतो तिथे त्यातला छोटा फरकही कित्येक पट होतो. एका ड्रममध्ये पाणी शिरलं की गाडी थेट दुसऱ्या बाजूला.

डिस्कमध्ये पॅड सरळ दोन बाजूंनी दाबला जातो, स्वतःची मदत शून्य. म्हणून त्याला सर्व्हो हवा. मोबदल्यात पायाने जितका जोर द्याल तितकाच ब्रेक, ना कमी ना जास्त.

उतारावर ब्रेक ‘मऊ’ पडतात म्हणजे नेमकं काय होतं?

तीन वेगळ्या गोष्टी होतात आणि लोक तिन्हींना एकच नाव देतात. ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो, पेडल जास्त खाली जातो. लायनिंग तापून त्याचं घर्षण घटतं. पेडल घट्टच राहतो, पण गाडी थांबत नाही. आणि तेल उकळून वाफ झाली तर पेडल सरळ तळाला. तिसरा प्रकार सगळ्यात भयंकर, कारण आधी काही कळत नाही.

ड्रम थंड ठेवायला भरपूर खटपटी झाल्या. लोखंडी अस्तराभोवती ॲल्युमिनियमच्या पंखांचा ड्रम हा त्यातला सर्वांत यशस्वी उपाय. ब्युइकने १९५८ मध्ये तसे ड्रम दिले. पाँटिअ‍ॅकने १९६० पासून आठ बोल्टचं चाक दिलं, त्यात हब आणि ड्रम एकच ॲल्युमिनियमचा भाग, आणि रिम त्याच्या बाहेरच्या कडेला बोल्टने लावलेली. ड्रम वाऱ्यात उघडा. दिसायलाही ती चाकं देखणी, त्यामुळे आज त्यांना मागणी आहे ती बहुतेक वेळा रूपासाठी.

डिस्क ब्रेक पहिल्यांदा कोणी केला?

फ्रेडरिक लँचेस्टर यांनी इंग्लंडमध्ये १९०२ साली पेटंट घेतलं. पातळ तबकडी, दोन बाजूंनी तांब्याचे चिमटे. तांबं लोखंडावर घासून किंचाळायचं आणि तेव्हाच्या कच्च्या रस्त्यांवरच्या धुळीत झपाट्याने झिजायचं. कल्पना बरोबर होती, पण तिला साजेसं लायनिंग अजून जन्माला यायचं होतं.

पुढचे दोन प्रयत्न १९४९ मधले आणि दोन्ही अमेरिकेतले. क्रायस्लरच्या क्राउन इम्पीरियलला दिलेल्या ब्रेकमध्ये चिमटा नव्हताच. दोन तबकड्या एकमेकींपासून दूर सरकून भोवतालच्या लोखंडी डब्याच्या आतल्या बाजूंना घासायच्या, आणि मधल्या उतरत्या खाचांतल्या गोळ्यांमुळे ड्रमसारखी स्वतःची मदतही मिळायची. हुशार रचना, पण गुंतागुंतीची आणि महाग. दुसरा प्रयत्न क्रॉस्लीच्या छोट्या गाड्यांचा. खराखुरा कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा चिमटा, असलेली डिस्क, चारी चाकांना. पण हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने ती गंजून जाम व्हायला लागली आणि क्रॉस्लीने वर्षभरातच परत ड्रम घेतले.

जॅग्वार सी-टाइपचं नाव सगळे का घेतात?

कारण डिस्क ब्रेकने सगळं बदलतं हे त्या गाडीने घड्याळावर दाखवलं. डनलपने विमानांसाठी बनवलेल्या डिस्क जॅग्वारने मोटारीवर आणल्या. १९५२ च्या मिल्ले मिल्या या इटलीतल्या रस्त्यावरच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस आणि नॉर्मन ड्युइस त्या गाडीतून उतरले, गाडी शर्यत पूर्ण करू शकली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये मॉसने फ्रान्समध्ये रॅन्सला शर्यत जिंकली, डिस्क ब्रेकवरचा पहिला मोठा विजय तो.

सुरुवातीला एक विचित्र त्रास होता. खडबडीत रस्त्यावर चाक किंचित डगमगलं की डिस्क पॅडना मागे ढकलायची. पुढच्या वेळी पेडल दाबला की तो आधी ती पोकळी भरण्यात जायचा. चालकाला कोपऱ्याच्या आधी पेडल एकदा हलकेच दाबून पॅड जागेवर आणायची सवय लावून घ्यावी लागे.

१९५३ च्या ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन जिंकले, सरासरी ताशी १७० किलोमीटर. तासाला शंभर मैलांच्या वरची सरासरी त्या शर्यतीत पहिल्यांदाच. मुल्सानच्या लांबलचक सरळ रस्त्याच्या शेवटी एकदम घट्ट वळण आहे. ड्रमवाले आपले ब्रेक शेवटपर्यंत टिकावेत म्हणून लवकर वेग कमी करत. जॅग्वार त्यांच्या पुढे जाऊन ब्रेक लावायची, आणि चोवीस तासांत प्रत्येक फेरीला. इंजिनाच्या ताकदीने जिंकलेली शर्यत असं तिचं वर्णन मला कधीच पटलं नाही.

मर्सिडीजच्या पाठीवरचं उघडणारं झाकण खरंच ब्रेक होतं?

होय. १९५५ च्या ल मॉंसाठी ३०० एसएलआरच्या मागच्या भागावर मोठं झाकण बसवलं होतं. चालकाने लिव्हर ओढली की ते तेलाच्या दाबाने उभं राहायचं आणि वाऱ्याचा अडसर गाडी मंदावायचा. कारण साधं: त्या गाडीला ड्रम होते, मोठे आणि चाकांपासून आत बसवलेले, तरी ते जॅग्वारच्या डिस्कना पुरे पडणार नाहीत याची मर्सिडीजला जाणीव होती. हवेला उष्णता साठवायची गरज नाही, त्यामुळे हा ब्रेक कधी तापत नाही. वेग कमी झाला की मात्र त्याचा उपयोगही संपतो. त्याच शर्यतीत ऐंशीहून अधिक माणसं दगावली आणि मर्सिडीजने उरलेल्या गाड्या माघारी घेतल्या.

सित्रोएन डीएसला ब्रेकचा पेडल नव्हता म्हणतात, ते खरं?

बहुतेक डीएस गाड्यांत पेडलाच्या जागी रबराचं छत्रीसारखं बटण होतं. ते जेमतेम काही मिलिमीटर हलतं. किती दाबलं यापेक्षा किती जोराने दाबलं यावर ब्रेक ठरतो. पहिल्यांदा बसणारा चालक ते पेडलासारखं हाणतो आणि प्रवाशांचे कपाळमोक्ष होता होता राहतात.

१९५५ मध्ये आलेली ही गाडी मोठ्या संख्येने बनलेली पहिली डिस्क ब्रेकची गाडी मानली जाते. पुढच्या डिस्क चाकाजवळ नसून आत, गिअरबॉक्सच्या दोन बाजूंना. मागे ड्रम. सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग, सगळं एकाच पंपाच्या उच्च दाबाच्या तेलावर चालतं आणि ब्रेकसाठी दाबाचा वेगळा साठा राखलेला असतो.

पण माझ्या मते यातली सगळ्यात सुंदर गोष्ट दुसरीच आहे. मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे मागच्या सस्पेन्शनमधल्या दाबावरून ठरतं. मागे तीन माणसं आणि सामान असलं तर सस्पेन्शनमधला दाब जास्त, मागचा ब्रेकही जास्त. रिकामी असेल तर कमी. इतरांना हे साधायला पुढे वेगळे व्हॉल्व्ह लावावे लागले. सगळ्या क्लासिक गाड्यांतून एकच ब्रेक निवडायला सांगितला तर मी हा निवडेन, मग दुरुस्ती कितीही महाग असो.

काही गाड्यांत डिस्क चाकांपासून आत का असतात?

चाकाबरोबर उसळणारं वजन कमी होतं, म्हणून. जॅग्वार ई-टाइपच्या मागच्या डिस्क डिफरन्शियलला चिकटून असतात, रोव्हर पी ६ मध्येही तसंच. अल्फासूद, एनएसयू आरओ ८० यांच्या पुढच्या डिस्क आत. चालवायला छान, काम करायला शिक्षा. जॅग्वारमध्ये डिफरन्शियलचं सील गळलं की तेल थेट डिस्कवर येतं आणि दोन पॅड बदलण्यासाठी अर्धं सस्पेन्शन खाली उतरवण्याची वेळ येते.

एक नळी फुटली तरी ब्रेक राहणारी पहिली पद्धत कधी आली?

१९६२ मध्ये कॅडिलॅकने दोन वेगळ्या भागांचा मास्टर सिलिंडर (पेडलाचा जोर तेलावर देणारं मुख्य नळकांडं) दिला: एक पुढच्या चाकांना, एक मागच्या. साबने १९६४ मध्ये तिरकी विभागणी केली, एक पुढचं चाक आणि त्याच्या विरुद्ध बाजूचं मागचं चाक. १९६६ च्या व्हॉल्वो १४० मध्ये प्रत्येक जाळं दोन्ही पुढच्या चाकांना आणि एका मागच्या चाकाला जोडलेलं. कुठलंही गेलं तरी पुढची दोन्ही चाकं शाबूत. व्हॉल्वोची रचना सगळ्यात सरस, आणि तेव्हाच्या मानाने सगळ्यात खर्चिक.

एबीएस १९७८ च्या मर्सिडीजआधी होतं का?

होतं. एबीएस म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. तेच काम करणारं डनलपचं मॅक्सारेट हे विमानांसाठीचं यंत्र १९६६ च्या जेन्सन एफएफवर बसवलं गेलं. एफएफला चारी चाकांना ड्राइव्ह होता, त्यामुळे चाकं एकाच ट्रान्समिशनने बांधलेली आणि प्रत्येक चाकाला वेगळं सेन्सर लागत नसे. यंत्र सगळं यांत्रिक. काम करताना पेडल पायाखाली धडधडायचा. अशा फक्त ३२० गाड्या बनल्या. १९७१ मध्ये क्रायस्लर इम्पीरियलला चारी चाकांचं इलेक्ट्रॉनिक अँटी-लॉक ऐच्छिक मिळत होतं. बॉशचं एबीएस १९७८ मध्ये एस-क्लासमध्ये आलं आणि तेच पुढे टिकलं.

माझ्या जुन्या गाडीचे ड्रम काढून डिस्क बसवू का?

आधी आहेत ते ड्रम नीट करा. निम्म्या वेळा तक्रार तिथेच संपते. ड्रम गोल आहे का, शू ड्रमच्या गोलाईला पूर्ण टेकतो का, हे पाहा. नवं लायनिंग बसवून शू तसाच लावला तर तो फक्त मधल्या पट्ट्यात घासतो आणि ब्रेक लाकडासारखे, म्हणजे पेडल कडक पण पकड कमी, वाटतात. शू ड्रमच्या मापाने घासून घ्यायला लागतो. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा असेल तर तो ओलांडून लेथवर फिरवू नका.

डोंगराळ भागात नेहमी जायचं असेल, वेगाने चालवायची असेल, तर डिस्कला माझी हरकत नाही. पण नुसती डिस्क बसवून होत नाही. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तोच डिस्कला लावला की पॅड कायम घासत राहतात. मागच्या ब्रेकचं प्रमाण बदलावं लागतं, नाहीतर मागची चाकं आधी लॉक होतात. सर्व्हो लागतो. आणि बऱ्याच वेळा मूळ रिममध्ये कॅलिपर मावतच नाही.

ब्रेक ऑइल कुठलं घालायचं?

गाडीच्या मूळ पुस्तकात जे असेल ते. ‘डॉट’ ही ब्रेक ऑइलची प्रतवारी. डॉट ३ आणि डॉट ४ ग्लायकोलचे, हवेतलं पाणी शोषतात. नव्या डॉट ४ चा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सियस, ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो, म्हणून कमी चालणाऱ्या गाडीतही ते दोन वर्षांनी बदला. रंगावर सांडलं तर रंग उचलतं. डॉट ५ सिलिकॉनचं, रंगाला धक्का लावत नाही, पण ग्लायकोलमध्ये मिसळू नका. डॉट ५.१ नावाने फसू नका, ते ग्लायकोलचंच.

सित्रोएनचा नियम वेगळा. १९६६-६७ च्या आधीच्या गाड्यांत लाल तेल, नंतरच्यांत हिरवं खनिज तेल. चुकीचं तेल घातलं की सील फुगतात आणि सगळी यंत्रणा उघडावी लागते. सिल्व्हर शॅडोला आरआर ३६३ लागतं, हिरवं नाही.

थोडं चालवल्यावर ब्रेक आपोआप आवळले जातात, का?

आधी पेडलाचं मोकळं अंतर पाहा. ते नसेल तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, बारीक भोक झाकलेलं राहतं आणि तापून फुगलेल्या तेलाला टाकीत परत जायला वाट मिळत नाही. हळूहळू चारी चाकं धरतात.

एकच चाक धरत असेल तर गाडी जॅकवर घेऊन ते चाक हाताने फिरवून पाहा आणि त्याचा ब्लीड निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा-तेल बाहेर काढायचा छोटा बोल्ट, किंचित सोडा. चाक लगेच मोकळं झालं तर दाब अडकला आहे. अशा वेळी दोषी असते ती बहुतेकदा रबरी नळी, बाहेरून धडधाकट, आतून फुगलेली: पायाच्या जोराने तेल जातं, परत येत नाही. निपल सोडूनही चाक जाम असेल तर पिस्टन किंवा शू गंजला आहे.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकून काढायची का?

नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ब्रशने झाडू नका. ब्रेक क्लीनरने ओलं करून फडक्याने पुसा आणि फडकं बंद पिशवीत टाका.

गाडी महिनोन्महिने उभी ठेवताना हँडब्रेक लावू का?

लावू नका. शू ड्रमला चिकटतात, कधी कधी लायनिंग शूवरून सुटून येतं. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना ठोकळे लावा.